आधी माणूस, मग भिंत

अन्याय झाला तो काकूवर. गेल्या वर्षी, मारबतीच्या दिवशी, सकाळी, नळाला पाणी यायच्या वेळेस. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या प्रत्येक पत्रकाची पहिली ओळ हीच असते आणि प्रत्येक सरकारी उत्तरात नेमकी हीच ओळ गाळलेली असते. कोणावर आणि कधी. त्यांच्या कागदावर अन्याय कोणावरच होत नाही. तिथे फक्त अतिवृष्टी होते.

काकू माझी सख्खी नाही. बस्तीत लहानमोठे सगळेच तिला काकू म्हणतात आणि तिच्या नवऱ्याला काका म्हणायचे. मौद्याकडे जाणाऱ्या महामार्गाला लागून काकांचं पंक्चरचं दुकान होतं. दुकानाच्या बाजूने उतार उतरून खाली आलं की आमची बस्ती, आणि बस्तीच्या पाठीला नदी. वर रस्ता, मागे नदी, मधात आम्ही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचे पुतळे मिरवत सगळं नागपूर रस्त्यावर असतं. इडापिडा, रोगराई, सगळं गावाबाहेर घेऊन जा म्हणून घसा फोडून ओरडतं. काकांचा दरवर्षीचा विनोद ठरलेला असायचा. "गावाबाहेर म्हंजे कोठी गा? आपल्याच घरी!" त्या वर्षी तो विनोद करायला ते राहिले नाहीत.

आदल्या संध्याकाळपासून पाऊस पश्चिमेकडे होता. धरमपेठेतल्या दुकानांसमोर गाड्या तरंगत असल्याचे व्हिडिओ आम्ही चहा पिता पिता पाहिले, हसलोसुद्धा. धरमपेठेत पडलेलं पाणी धरमपेठेत थांबत नाही. ते नदीला लागतं आणि शहर ओलांडून आमच्याकडे येतं. उजाडता उजाडता ते मागच्या दारांनी आत आलं, समोरच्या दारांनी निघालं, महामार्गाच्या भरावाला जाऊन टेकलं आणि परत फिरलं. त्याला पुढे जायला वाटच नव्हती. मग ते चढत गेलं.

काकांच्या छातीत कळ आली तेव्हा काकू त्यांना पलंगावरून टेबलावर चढवत होती. अँब्युलन्स लवकर आली. खोटं कशाला बोलू, फारच लवकर आली. ती वर महामार्गावर उभी होती, दिवा फिरत होता, ड्रायव्हर कठड्याशी येऊन दोन्ही हात हलवत होता. आम्हाला त्याच्या शर्टचा रंग दिसत होता. मधे उताराच्या पायथ्याच्या खोलगटात पुरुषभर पाणी. शेवटी पोरांनी पोहत जाऊन दुकानाच्या माळ्यावरची ट्रकची ट्यूब आणली, वर दाराची फळी बांधली आणि काकांना त्यावर निजवलं. एक टोक मीही धरलं होतं. त्या ट्यूबला काकांनीच लावलेलं ठिगळ होतं, ते घट्ट राहिलं. काका वर पोचले तेव्हा ड्रायव्हरने नाडी पाहिली आणि मान हलवली.

महामार्ग मात्र एक क्षणही थांबला नाही. ट्रक जात होते, कार जात होत्या, एका बसमधल्या बाईने खिडकीतून आमचा फोटो काढला. म्हणून सरकारी नोंदीत त्या दिवशी आमच्याकडे वाहतूक सुरळीत आहे. दाखल्यावर काका हृदयविकाराने गेले. पुरात गेलेल्यांमध्ये ते धरले गेले नाहीत.

आता हे पाणी आमच्याकडे का थांबतं ते सांगते. पूर्वी रस्ता खाली होता. नदी फुगली की पाणी रस्त्यावरून पलीकडच्या शेतात पसरायचं आणि उतरून जायचं. रस्ता रुंद केला तेव्हा तो उंचही केला आणि खालून पाणी जायला ठेवल्या त्या मोऱ्या अशा, की त्यात एक गादी अडकली तर बंद. सरकारला भिंत बांधता येत नाही असं कोण म्हणतं? एक बांधून ठेवली आहे. उलट्या बाजूला.

आमची मागणी पत्रकाच्या शेवटच्या ओळीत मावते: नदीकाठाला संरक्षक भिंत, रस्त्याखाली मोठ्या मोऱ्या, आणि त्यासाठी पूरनियंत्रणाच्या निधीतून पैसा. यासाठी तीन कार्यालयं. त्यांना आम्ही आमचीच नावं ठेवली आहेत: पाणीवाले, रस्तेवाले आणि शहरवाले. पाणीवाले म्हणतात, हा नाला आहे, शहरवाल्यांकडे जा. शहरवाले म्हणतात, पाणी रस्त्याने अडतं, रस्तेवाल्यांना विचारा. रस्तेवाले म्हणतात, आमचा रस्ता कोरडा आहे. आणि तो खरंच कोरडा असतो!

पत्रकं लिहायला मी कॉलेजात शिकले. शिकवणारा दादा म्हणायचा, "पहिल्या ओळीत भांडण, शेवटच्या ओळीत मागणी, मधात रडायचं नाही." मी तसंच लिहिलं. बस्तीतल्या पोरांनी सिग्नलवर, बसस्टॉपवर, पोह्याच्या ठेल्यांवर वाटलं. ओरडून ओरडून एवढं झालं की तिन्ही कार्यालयांची संयुक्त पाहणी ठरली. पाहणीचा अहवाल आमच्या बाजूने आला तर प्रस्ताव निधीच्या रांगेत जाणार होता. कधी येता, विचारलं. उत्तर आलं, दिवाळीनंतर.

आणि मधात दिवाळी आली.

होय, आम्ही घरं रंगवली. पाणी ओसरल्यापासून भिंतींवर छातीभर उंचीचा चिखलाचा पट्टा वाळत होता, त्याला वास यायचा. बायांनी तो तारेच्या घासणीने घासला, पोरांनी चुना मारला, ज्याला जमलं त्याने वरून डिस्टेंपर. आमचं घर गुलाबी झालं, शेजारचं पोपटी. मी स्वतः शिडीवर चढून आमच्या दिवाणखान्याचे, म्हणजे आमच्या एकुलत्या एक खोलीचे, दोन हात मारले. एकाच्याही डोक्यात आलं नाही की आपण पुरावा पुसतो आहोत. का यावं? दिवाळीत घर रंगवतात. पूर येऊन गेलेलं घर तर आधी रंगवतात. यात आमची चूक शोधणाऱ्याने आधी स्वतःच्या घरी चिखलात लक्ष्मीपूजन करून दाखवावं.

एकच घर तसंच राहिलं. काकूचं. माणूस गेल्याचं पहिलं वर्ष, म्हणून तिच्याकडे रंग नाही, फराळ नाही, आकाशकंदील नाही. अशा घरी फराळ शेजारपाजाऱ्यांनी न्यायचा असतो. मी चिवडा आणि अनारसे घेऊन गेले तेव्हा ती काकांच्या फोटोखाली बसून तांदूळ निवडत होती आणि तिच्या पाठीमागे चिखलाची रेघ या भिंतीवरून त्या भिंतीवर सरळ गेलेली होती. मी पाहिली आणि मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

पाहणीला साहेब आले ते थंडीत. एक वयस्कर, मफलर गुंडाळलेले. एक तरुण, गळ्यात कॅमेरा. सोबत शहरवाल्यांचा एक माणूस, तो पूर्ण वेळ फोनवर होता. नदीत तेव्हा घोट्याइतकं पाणी होतं आणि पात्रात शेळ्या चरत होत्या.

"ही का नदी?" मफलरवाल्यांनी विचारलं.

आमच्या बस्तीतला एक ऑटोवाला भाऊ आहे, त्याची जीभ त्याच्या हॉर्नपेक्षा मोठी. तो म्हणाला, "आता झोपून आहे साहेब. जागी पाहाची असन तर पावसात या, पोहता येत असन तर."

साहेब हसले नाहीत. "पाणी कुठपर्यंत आलं होतं? खूण दाखवा."

माझ्या आईने स्वतःच्या छातीवर हात आडवा ठेवला. "अठीपर्यंत."

"बाई, अंगावरची खूण नाही चालत. भिंतीवरची दाखवा."

मग सगळे भिंती पाहू लागले. गुलाबी, पोपटी, आकाशी. एका घरावर तर पोरांनी मोर काढला होता. मफलरवाले एका घरातून दुसऱ्या घरात गेले, भिंतीवरून बोट फिरवून बोटाकडे पाहिलं. "एवढी चकाचक बस्ती," ते म्हणाले, "आणि तुम्ही म्हणता पूर आला होता?"

"मंग काय चिखलात लक्ष्मी बसवाची होती?" आई म्हणाली. "तुमच्या घरी कशी बसवता, सांगा ना!"

मी मोबाइल पुढे केला. ढीगभर फोटो होते त्यात, व्हिडिओ होते. साहेबांनी दोन पाहिले. "फोटोत पाणी दिसतं, उंची मोजता येत नाही. आणि मोबाइलवर हल्ली काहीही बनवता येतं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी म्हटलं, थांबा, एक घर आहे, चला. आणि त्यांना घेऊन काकूच्या दारात गेले. काकू उंबऱ्यात उभी होती. तिने दोन्ही हात चौकटीला लावले.

"काय पायजे?"

"काकू, साहेबांना भिंत दाखवायची आहे. तुझ्याकडे रेघ आहे. तेवढी मोजली की झालं."

तिने साहेबांकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. "काहून वं? माहा माणूस गेला तवा कोणी आला का? एक तरी साहेब दारात येऊन म्हणला का, बाई, काय झालं? अन् आता भिंत पाहाले येऊन राहिले. नाई. माह्या घराचं प्रदर्शन नाई मांडाचं."

"अगं पण यानेच निधी..."

"तुले आयकू नाई येत का?"

मफलरवाल्यांनी घड्याळ पाहिलं. "जाऊ द्या. त्यांची इच्छा नसेल तर आम्ही कसे जाणार?" ते उतार चढून गेले. महिन्याभराने अहवाल आला. प्रत्यक्ष पाहणीत पूरपातळीच्या खुणा आढळल्या नाहीत, असं त्यात होतं. प्रस्ताव परत.

त्याच सुमारास अधिवेशन होतं. थंडीत अख्ख्या राज्यातले मोर्चे नागपुरात येतात, चार-चार दिवसांचा प्रवास करून. आम्हाला एक सोय आहे, आमचा मोर्चा सिटी बसने जातो. पोलीस जिथे सगळ्यांना अडवतात तिथे त्यांनी आम्हालाही अडवलं. आमच्यातल्या चौघांना आत नेलं. कोणा मंत्र्याच्या कोणा सचिवाने आमचं निवेदन उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाला, "मागणी रास्त आहे. पुरावा जोडा." मला त्याचा राग आला नाही. मला काकूचा राग आला.

तो मी उन्हाळ्यापर्यंत धरून ठेवला. तोपर्यंत पंक्चरचं दुकान काकू चालवू लागली होती. लुगड्याचा पदर कमरेला खोचून ती कंप्रेसर लावायची, ट्रकची चाकं उतरवायला ऑटोवाल्या भावाला हाक मारायची. ड्रायव्हर आधी बिचकायचे, मग 'मौसी, हवा देख लो' म्हणू लागले. एक दिवस मी तिथेच जाऊन भांडले.

"तुझ्या एका नाहीमुळे अख्ख्या बस्तीची भिंत गेली," मी म्हटलं. "पावसाळा तोंडावर आला आहे. पुन्हा कोणाच्या घरचं माणूस गेलं म्हणजे?"

ती ट्यूब पाण्याच्या घमेल्यात फिरवत होती, बुडबुडे शोधत. मान वर न करता म्हणाली, "माह्या नाईमुळं गेली? तुह्या साहेबाच्या घड्याळामुळं नाई गेली?"

बुडबुडा निघाला तिथे ट्यूब पुसून तिने खडूने खूण केली.

"येऊ दे त्याले," ती म्हणाली. "पण माही अट आहे. आल्या आल्या भिंतीकडं नाई पाहाचं. आधी बसाचं. चहा घ्याचा. माणूस कसा होता ते मी सांगीन, कसा गेला ते सांगीन. पुरं आयकाचं. मंग उठून भिंत मोजाची तेवढी मोजा."

"आणि साहेब नाही म्हणाला तर?"

"मंग तू कायले आहे? छाप ना पत्रक."

छापलं. त्यावर चारच शब्द मोठ्या अक्षरात होते: आधी माणूस, मग भिंत. खाली काकूची अट, तिच्याच भाषेत. आमच्यातल्या दोघांना वाटलं, असं लिहिलं तर साहेब चिडतील, भाषा जरा शुद्ध कर. मी एक अक्षर बदललं नाही. तिन्ही कार्यालयांच्या फाटकासमोर उभं राहून आम्ही ते वाटलं. कारकुनांना, शिपायांना, साहेबांच्या ड्रायव्हरांनासुद्धा. ड्रायव्हरांनी नीट घडी करून खिशात ठेवलं. त्यातले बरेच जण काकूकडे हवा भरायचे.

पावसाआधी तो आला. मफलरवाले नव्हे, कॅमेरावाला तरुण. एकटाच, मोटारसायकलवर. दुकानासमोर उतरला आणि म्हणाला, "मी चहा प्यायला आलोय." काकूने कंप्रेसर बंद केला.

घरात त्याला खुर्ची दिली. तो भिंतीकडे पाठ करून बसला. मुद्दाम बसला असावा. काकूने सांगायला सुरुवात केली ती काका कसे गेले याने नाहीच. ट्यूबचं रबर ते दाताने तोडायचे, त्यावरून रोजचं भांडण. हवा भरताना रेडिओसोबत शिट्टी वाजवायचे, बेसूर. सायकलवाल्या पोरांकडून काही घ्यायचे नाहीत आणि ट्रकवाल्यांकडून दोन्हीचं घ्यायचे. "तो शिट्टी वाजवे का नाई, तर मी खाली घरातून भांडं आपटो," ती म्हणाली. "आता कोणावर आपटू?" मग मारबतीची सकाळ. टेबल, फळी, ट्यूब, कठड्यापाशी हात हलवणारा ड्रायव्हर. तो पोरगा सुरुवातीला मनगटावरचं घड्याळ चाचपत होता. नंतर विसरला. त्याच्या चहावर साय धरली.

सगळं झाल्यावर काकू म्हणाली, "आता मोज बापा."

तो उठला. रेघ काकांच्या फोटोखालून गेलेली होती. त्याने टेप लावला, फोटो काढले आणि रेघेसमोर आपला स्वतःचा खांदा नेऊन पाहिला. "एवढं?" असं काहीतरी पुटपुटला. जाताना चहा थंडच संपवून गेला. साहेब लोकांबद्दल चांगलं लिहायची मला सवय नाही आणि पत्रकात मी लिहिलंही नाही. इथे लिहिते, तो नीट ऐकत होता.

त्याचा अहवाल वर गेला आहे. प्रस्ताव पुन्हा रांगेत आहे. यंदाच्या पावसाळ्यात नदी उंबऱ्यापर्यंत आली, थांबली आणि परत गेली. आम्ही सगळे पिशव्या भरून रस्त्यावर उभे होतो, कोरड्या महामार्गावर. आता निधी देणारे लोक स्वतः फेरपाहणीला येणार आहेत. कधी? मी फोनवर विचारलं तेव्हा पलीकडच्या माणसाने अगदी सहज सांगितलं, "दिवाळीनंतर."

मी फोन ठेवला आणि थेट काकूकडे गेले. तिथे तिची मुलगी आलेली होती, खापा गावात दिलेली. वर्षश्राद्ध होऊन गेलं होतं. अंगणात रंगाचा डबा, ब्रश, भिजवलेला चुना. मुलीने ओढणी डोक्याला बांधून भिंतीसमोर स्टूल ठेवलं होतं.

"नको," मी म्हटलं. "काकू, फक्त पाहणी होईपर्यंत. एवढी एक दिवाळी."

मुलगी स्टुलावरून वळली. "अजून एक? एक वर्ष माय या चिखलात निजली. उठली का रेघ, निजली का रेघ. तुले आंदोलन पायजे, मले माही माय पायजे."

ती बरोबर होती. आणि ती भिंत पुसली गेली तर बस्तीत दाखवायला काही उरणार नव्हतं, हेही बरोबर होतं. कोणाचं घर पुरावा म्हणून किती दिवाळ्या मळकं ठेवायचं? हा प्रश्न मी त्या मुलीला कसा विचारणार? तो विचारायचा कोणाला ते मला ठाऊक आहे.

काकूने दोघींकडे पाहिलं. मग मुलीच्या हातातला ब्रश घेतला, स्टुलावर चढली आणि वरून रंगवायला लागली. आढ्याखालपासून. आकाशी रंग. काकांचा फोटो तिने उतरवून माझ्या हातात दिला. रंगवत रंगवत ती खाली आली, रेघेपाशी आली आणि थांबली. मग रेघेवर मोजमापाची पट्टी आडवी धरून, कडेकडेने, एकही थेंब खाली जाऊ न देता तिने रंगाची किनार ओढली. चारही भिंतींवर. वर आकाशी, खाली चिखल.

"वरची भिंत माही," ती म्हणाली. "दिवाळी माह्या भिंतीची होईन. खालची सरकारची. त्यायनं नदीची भिंत बांधली का मी खालची रंगवीन. डबा झाकून ठेव वं, वाळून जाईन."

मुलीने डब्याचं झाकण दाबून बसवलं. फोटो परत वर लागला. डबा आता दाराच्या मागे आहे, अर्धा भरलेला.

आता तुम्ही. हे वाचणारे. तुमच्यातले कितीतरी जण त्या महामार्गाने जातात. पावसाळ्यात काच वर करून, गाणी लावून, आमच्या डोक्याच्या उंचीवरून जातात. तुम्ही कोरडे राहता ते कशामुळे, हे आता तुम्हाला कळलं आहे. वाईट वाटून घेऊ नका. वाईट वाटणारे लोक आम्हाला पुष्कळ भेटले, त्यांनी फोटो काढले.

फेरपाहणीच्या दिवशी या. तारीख पंक्चरच्या दुकानाच्या पाटीवर खडूने लिहिलेली असेल, येता-जाता हवा भरायच्या निमित्ताने बघा. गाडी सर्व्हिस रोडला लावा आणि उतार उतरून खाली या. साहेब येतील तेव्हा त्या खोलीत तुम्ही उभे असले पाहिजेत, दाराबाहेर आणखी माणसं असली पाहिजेत, आणि सगळ्यांनी एकच विचारलं पाहिजे: भिंत कधी? ज्यांना येता येणार नाही त्यांनी आपल्या आमदाराला गाठावं, लग्नात, उद्घाटनात, कुठेही, चार लोकांसमोर, आणि हेच विचारावं. उत्तर 'दिवाळीनंतर' आलं, तर कोणत्या दिवाळीनंतर, तेही तिथेच विचारा आणि हलू नका.

पण आलात तर आधी बसा. काकू चहा देईल तो घ्या. ती सांगेल ते पुरतं ऐका. भिंतीकडे त्यानंतर वळा.